वाचक विचारतात: डिस्ने वर्ल्ड, चाकाची खुर्ची आणि 'लाइन नसते म्हणे'

सुट्ट्या जवळ आल्या की ओरलँडोच्या डिस्ने वर्ल्डची पत्रं येतातच. यावेळी त्यातली बरीचशी एकाच विषयावर होती, घरातलं कोणीतरी व्हीलचेअरवर आहे, त्यांना घेऊन फिरायचं कसं. मी स्वतः खुर्ची वापरते त्यामुळे या पत्रांना उत्तर देताना माझा हात जरा सैल सुटतो, चालवून घ्या.

ताई, आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. सासूबाई सांगलीहून आल्यात, वय ७२, दोन्ही गुडघे कामातून गेलेत, घरात काठीवर फिरतात. डिसेंबरच्या सुट्टीत डिस्नेला जायचं चाललंय. खुर्ची घेऊ म्हटलं की "मी काय लुळी झालेय का" म्हणून रुसतात. दुसरं म्हणजे बाहेरचं हॉटेल बरंच स्वस्त पडतंय, ते घेतलं तर चालेल का? आणि एका पार्कातून दुसऱ्या पार्कात खुर्ची घेऊन जायचं कसं? — एक सून

आधी सासूबाई. त्यांना अंतराची कल्पनाच नसणार, आणि खरं सांगायचं तर तुम्हालाही नसेल. डिस्ने वर्ल्ड म्हणजे एक बाग नाहीये, सुमारे १०० चौरस किलोमीटरची जागा आहे, त्यात चार वेगळी पार्क, मॅजिक किंगडम १९७१ चं, एपकॉट १९८२ चं, हॉलीवूड स्टुडिओज १९८९ चं आणि अॅनिमल किंगडम १९९८ चं, आणि ही एकमेकांना चिकटून नाहीत, मध्ये रस्ते, तळी, जंगल असं सगळं आहे. एकट्या एपकॉटमध्ये तळ्याभोवती जो देशादेशांचा गोल आहे तो एक चक्कर मारला तर जवळपास दोन किलोमीटर भरतो, आणि तिथपर्यंत पोचायचं चालणं वेगळंच. धडधाकट माणसं संध्याकाळी बाकावर पाय चोळत बसलेली दिसतात तिथे. तेव्हा "तुम्हाला जमत नाही म्हणून खुर्ची" असं म्हणूच नका. सरळ अंतर सांगा, आणि खुर्ची रिकामी सोबत ढकलत न्या, वाटेल तेव्हा बसा वाटेल तेव्हा उठा. बहुतेक जणी दुपारच्या आत बसतात. एक मात्र पाळा, कोणी विचारलं "त्यांना राइडला यायचंय का" तर उत्तर तुम्ही देऊ नका, त्यांच्याकडे बघा आणि त्यांना बोलू द्या. खुर्चीत बसलं की माणूस अचानक तिसऱ्या पुरुषात जातो, त्याचाच राग असतो खरा, खुर्चीचा नसतो.

आता हॉटेल. बाहेरचं स्वस्त पडतं हे खरं पण खुर्ची असेल तर तो फरक कुठे जातो ते बघा. बाहेरच्या हॉटेलची शटल असो की तुमची स्वतःची गाडी, मॅजिक किंगडमच्या दारात कोणीच सोडत नाही. ट्रान्सपोर्टेशन अँड तिकीट सेंटर म्हणून एक ठिकाण आहे तिथे उतरायचं, मग तिथून मोनोरेल किंवा फेरीबोट घेऊन तळ्यापलीकडे पार्कात. म्हणजे उतरा, सिक्युरिटी, मग परत चढा, परत उतरा, आणि रात्री फटाके संपले की हेच सगळं उलट्या दिशेने, लाखभर दमलेल्या माणसांत असल्यासारखं वाटतं. डिस्नेच्या हॉटेलात राहिलात तर बस थेट मॅजिक किंगडमच्या गेटजवळ सोडते, मधला टप्पाच नाही. कंटेम्पररी नावाचं हॉटेल तर इतकं जवळ आहे की खुर्ची ढकलत दहा-बारा मिनिटांत गेट येतं, पण ते महाग. मध्यममार्ग हवा असेल तर पॉप सेंच्युरी बघा, डिस्नेच्या स्वस्तातल्या हॉटेलांपैकी आहे आणि तिथून स्कायलायनर मिळते.

स्कायलायनर म्हणजे रोपवे, २०१९ मध्ये सुरू झाला, हॉलीवूड स्टुडिओज आणि एपकॉट ही दोन पार्क जोडतो. चालत्या पाळण्यात खुर्ची कशी चढवणार ही भीती असते पण बहुतेक स्टेशनांवर खुर्चीवाल्यांसाठी पाळणा बाजूला काढून पूर्ण थांबवतात, आरामात ढकलत आत जायचं. कॅरिबियन बीच स्टेशनला उतरून दुसऱ्या मार्गाचा पाळणा घ्यावा लागतो तेवढं लक्षात ठेवा. आत एसी नाही, वारा खेळतो. वीज कडाडायला लागली की हे बंद, मग बस.

बसचं सांगते. डिस्नेच्या सगळ्या बसना खुर्चीची सोय आहे, खुर्चीवाल्यांना आधी चढवतात, ड्रायव्हर खुर्ची पट्ट्यांनी बांधून देतो. पण एका बसमध्ये साधारण दोनच खुर्च्यांची जागा असते, तुमच्यापुढे दोन जण असले तर पुढची बस. सासूबाईंना दोन पावलं चालता येतं ना, मग त्या सीटवर बसतील आणि खुर्ची घडी करून ठेवाल तर हा प्रश्नच येत नाही. इलेक्ट्रिक स्कूटर घेतली तर ती बसमध्ये चढवून लावणं ज्याचं त्याने करायचं असतं, ड्रायव्हर चालवत नाही, आणि नवख्या माणसाची तिथे भंबेरी उडते, सगळी बस बघत असते. सासूबाईंना आयुष्यात पहिल्यांदा स्कूटर हातात देऊन डिसेंबरच्या गर्दीत सोडू नका एवढंच म्हणेन, दुसऱ्यांच्या पोटऱ्यांचा विचार करा.

मोनोरेलला प्रत्येक वेळी तिथला कर्मचारी छोटा रॅम्प टाकून देतो, तुम्ही फक्त प्लॅटफॉर्मवर त्याला दिसलं पाहिजे. अडचण वेगळीच आहे, स्टेशनवर चढणारा उतार लांबच लांब आहे, ढकलणाऱ्याचा घाम निघतो. मी तरी फेरीबोट सांगेन, खालच्या मजल्यावर सपाट ढकलत जायचं, वारा खात पलीकडे. वेळ थोडा जास्त लागतो, लागू दे.

खुर्ची कुठून घ्यायची? प्रत्येक पार्कच्या दाराशी भाड्याने मिळते, साधी खुर्ची दिवसाला १२ डॉलरच्या आसपास, इलेक्ट्रिक त्याच्या कितीतरी पट. पण ती पार्काबाहेर नेता येत नाही, म्हणजे बस स्टॉपपासून गेटपर्यंत काय? एकाच दिवशी दुसऱ्या पार्कात गेलात तर पावती दाखवून तिथे दुसरी मिळते, पावती टाकू नका. तुम्ही तर अमेरिकेतच राहता, वॉलमार्ट किंवा औषधाच्या दुकानात घडीची हलकी खुर्ची शंभर-दीडशे डॉलरपर्यंत मिळते, तीच घ्या, सासूबाई तुमच्याकडे आहेत तोवर मॉललाही उपयोगी पडेल. फक्त चारही चाकं छोटी असलेली घेऊ नका, अॅनिमल किंगडममध्ये जमीन मुद्दाम खडबडीत केलेली आहे, जंगलातली वाट वाटावी म्हणून, छोट्या चाकांवर पाठीचा कणा खुळखुळतो. मागची चाकं मोठी हवीत. आणि बसायला घरची उशी न्या.

मॅजिक किंगडमच्या मेन स्ट्रीटवर घोड्याच्या ट्रामचे रूळ आहेत, पुढची छोटी चाकं त्यात बरोब्बर अडकतात आणि बसलेला माणूस पुढे झोकांडतो. रूळ सरळ ओलांडा, तिरके नको, किंवा खुर्ची उलटी फिरवून मोठी चाकं आधी न्या.

आणि डिसेंबर म्हणजे नाताळ ते एक जानेवारीचा आठवडा ठरवत असाल तर बदला. वर्षातली सगळ्यात जास्त गर्दी तेव्हाच असते. मुलांची शाळा चार दिवस बुडवा आणि महिन्याच्या सुरुवातीला जा, सजावट तेव्हाही सगळी लागलेली असते.

आमच्या मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे, वय ७, सध्या मोठ्या स्ट्रोलरमध्येच नेतो. अमेरिकेतले नातेवाईक म्हणतात की व्हीलचेअर असली की डिस्नेत लाइनच लावावी लागत नाही, एक पास मिळतो. खरं का? पास पुण्याहून काढता येतो का? — एक बाबा, पुणे

नातेवाईक जुनं सांगतायत. एक काळ असा होता की खुर्ची घेऊन गेलं की बाजूच्या दाराने आत सोडायचे, त्याचा इतका गैरवापर झाला, धडधाकट लोक खुर्चीवाला माणूस पैसे देऊन सोबत नेतात अशा बातम्या आल्या, की ऑक्टोबर २०१३ मध्ये डिस्नेने जुनी पद्धत बंद करून डिसअॅबिलिटी अॅक्सेस सर्व्हिस आणली. इंग्रजी आद्याक्षरांवरून (DAS) सगळे तिला डास म्हणतात, आपल्याकडचा डास नव्हे. त्यातही लाइन माफ नाही, साधारण लाइनीइतक्याच वेळानंतरची वेळ मिळते आणि तोवर तुम्ही दुसरीकडे फिरायचं. आणि २० मे २०२४ पासून तेही आवळलंय, ऑटिझम किंवा तशा प्रकारच्या विकासात्मक अपंगत्वामुळे ज्यांना नेहमीच्या लाइनीत फार वेळ थांबता येत नाही त्यांच्यासाठीच ते आहे. फक्त चालता येत नाही म्हणून मिळत नाही. त्यांचं म्हणणं असं की बहुतेक लाइनी खुर्ची जाईल एवढ्या रुंद आहेत, तर सगळ्यांबरोबर उभे राहा. उभे राहा म्हणजे आम्ही बसतो, ते सोडा.

मला विचाराल तर हे मला पटतं, निदान माझ्यापुरतं. लाइनीत बसून राहायला मला काही होत नाही. पण ज्या मुलाला दर थोड्या वेळाने आडवं करावं लागतं, ज्याचे स्नायू आखडतात, त्याचं काय, हा प्रश्न उरतोच, आणि त्यावरून तिथल्या पालकांमध्ये बराच संतापही आहे.

तुमच्या मुलाला हालचालीशिवाय विकासात्मक अडचणीही असतील तर अर्ज जरूर करा. तो पार्कच्या खिडकीवर नाही, जायच्या आधीच्या काही आठवड्यांत व्हिडिओ कॉलवर होतो, कॉलला मुलगा समोर हवा, डॉक्टरचं सर्टिफिकेट मागत नाहीत, अडचण काय येते ते नीट सांगावं लागतं. पुण्याहून करताना वेळेचा फरक बघून रात्रीची वेळ धरा. इंग्रजीत पटकन बोलायला अवघड जात असेल तर मुद्दे कागदावर लिहून समोर ठेवा, "त्याला त्रास होतो" एवढं पुरत नाही, लाइनीत नेमकं काय घडतं ते सांगा. हे नियम अधूनमधून बदलतात म्हणून तिकीट काढायच्या आधी डिस्नेच्या साइटवर एकदा वाचाच.

पास नाही मिळाला तरी दोन गोष्टी आहेत. जिथे लाइन खरोखरच अरुंद किंवा जिन्याची आहे तिथे राइडच्या तोंडाशीच परत यायची वेळ लिहून देतात, त्याला डास लागत नाही. दुसरं, आणि हे तुमच्यासाठी महत्त्वाचं, स्ट्रोलर. डिस्नेत स्ट्रोलर बाहेर लावायचा आणि मूल कडेवर घ्यायचं असा नियम आहे, सात वर्षांचं मूल कडेवर घेऊन तासभर उभं राहून बघा. गेस्ट रिलेशन्समध्ये, म्हणजे पार्कातल्या मदत-कक्षात, जाऊन सांगा की हा स्ट्रोलर त्याची व्हीलचेअरच आहे, ते एक खूण लावून देतात, मग तो खुर्चीसारखा लाइनीत आत नेता येतो. पहिल्या दिवशी पहिलं काम हे करा.

पत्नी इलेक्ट्रिक खुर्ची वापरते. मुंबईहून नेताना विमानात बॅटरीचं काय? — ठाणे

खुर्ची सामानात मोजत नाहीत, तिचे वेगळे पैसे नाहीत, अमेरिकेला जाणाऱ्या विमानांना हे तिकडच्या कायद्याने बांधलेलं आहे. बॅटरी लिथियमची आणि काढता येणारी असेल तर एक असल्यास ३०० वॉट-अवरपर्यंत, दोन असल्यास प्रत्येकी १६० पर्यंत, आणि ती काढून केबिनमध्ये सोबत न्यायची. आकडा बॅटरीवर छापलेला असतो, नसेल तर कंपनीकडून लिहून घ्या, चेक-इनच्या माणसाशी वाद घालण्यात अर्थ नाही. एअरलाइनला निदान दोन दिवस आधी कळवा, खुर्चीचं वजन, माप, बॅटरीचा प्रकार सगळं.

तिकिटावर असिस्टन्सचा कोड काय पडलाय ते बघा. डब्ल्यूसीएचआर म्हणजे पायऱ्या चढू शकतात, डब्ल्यूसीएचएस म्हणजे पायऱ्या नाही, डब्ल्यूसीएचसी म्हणजे सीटपर्यंत न्यावं लागतं. एजंट लोक सगळ्यांना सरसकट पहिला कोड टाकून मोकळे होतात आणि मग विमानाच्या दारात, सीटपर्यंत नेणारी अरुंद खुर्ची आणायला पळापळ. स्वतःची खुर्ची विमानाच्या दारापर्यंत वापरायची आणि उतरताना दारातच मागायची. उशी आणि निघत असेल तर जॉयस्टिक काढून हातात ठेवा, बाकीच्या खुर्चीचे चारी बाजूंनी फोटो.

आणि चार्जर! तिकडे विजेचा दाब ११० ते १२०, आपला २३०. चार्जरवर १०० ते २४० असं लिहिलं असेल तर फक्त प्लग बदलून भागतं, नुसतं २३० लिहिलं असेल तर तिथे खुर्ची चार्जच होणार नाही आणि पाच दिवस लोखंड ढकलत बसाल. त्यापेक्षा ओरलँडोत हॉटेलवर आणून देणारे भाड्याचे दुकानदार भरपूर आहेत, इलेक्ट्रिक खुर्ची, स्कूटर दोन्ही मिळतं, पार्कातल्यापेक्षा स्वस्त आणि सगळीकडे नेता येतं. विमानतळावरून डिस्नेची फुकट बस होती ती जानेवारी २०२२ पासून बंद आहे, त्यामुळे रॅम्पवाली व्हॅन आधीच बुक करा, तिथे उतरून उबर बघू असं नको.

नवऱ्याला बाथरूमला मी मदत करते. तिथे लेडीज-जेन्ट्सचं कसं जमवायचं? — नाशिक

प्रत्येक पार्कात कंपॅनियन रेस्टरूम आहेत, स्वतंत्र खोली, दोघं आत जाऊ शकता, कोणी बघतही नाही. नकाशावर खूण असते, सकाळीच हेरून ठेवा. आडवं व्हायची, कपडे बदलायची गरज पडली तर प्रत्येक पार्कात फर्स्ट एड सेंटर आहे, तिथे पडद्याआड कॉट मिळते आणि इन्सुलिनसारखं औषध फ्रिजमध्येही ठेवून देतात.

हॉटेल घेताना 'अॅक्सेसिबल रूम' एवढ्यावर भुलू नका. त्यात दोन प्रकार असतात, एकात दांडे लावलेला टब असतो, टबाची ती कड ओलांडायची म्हणजे तुम्हा दोघांनाही धोका. 'रोल-इन शॉवर' असंच हवं, फोन करून पक्कं करा.

मी २४ वर्षांची आहे, ह्यूस्टनला शिकते, मॅन्युअल खुर्ची वापरते, ट्रान्स्फर, म्हणजे खुर्चीतून दुसऱ्या सीटवर सरकणं, जमतं पण थोडा वेळ लागतो. मागे एका पार्कात भावंडांसोबत गेले तर मी दिवसभर राइडच्या बाहेर सगळ्यांच्या बॅगा सांभाळत बसले. आता डिस्नेला चला म्हणतायत. जावं का? — नाव नको

जा. आणि बॅगा घेऊ नकोस. लॉकर असतात, भाड्याने.

बाकीचं तुझ्या ट्रान्स्फरवर आहे. डिस्ने प्रत्येक राइडला तीनपैकी एक शिक्का मारतं, खुर्चीतच बसून राहता येतं, किंवा खुर्चीतून उतरून सीटवर जावं लागतं, किंवा थोडं चालावंच लागतं. कर्मचारी तुला उचलणार नाहीत, हात द्यायलाही त्यांना मनाई असते, जी मदत लागेल ती सोबतच्याने करायची. म्हणून भावंडांपैकी कोण ट्रान्स्फरला येणार हे घरीच ठरव, तिथे दारात सगळे एकमेकांकडे बघत नकोत.

खुर्चीसकट जाता येतं अशा चांगल्या राइड्स भरपूर आहेत. मॅजिक किंगडममध्ये इट्स अ स्मॉल वर्ल्ड, जंगल क्रूझला लिफ्ट असलेली होडी, लिटल मर्मेड. हॉलीवूड स्टुडिओजमध्ये टॉय स्टोरी मेनिया, तिथे खास गाडी आहे, दोरी ओढायला जमत नसेल तर बटण असतं, भावंडांना हरव. एपकॉटला लिव्हिंग विथ द लँड. आणि अॅनिमल किंगडमची किलिमांजारो सफारी, उघडा ट्रक, जिराफ गाडीशेजारी येतात, पण धक्के जबरदस्त बसतात, मानेचा पाठीचा त्रास असेल तर ही सोड. एक लक्षात घे, अशा खास होड्या-गाड्या थोड्याच असतात, त्यामुळे तिथे कधीकधी तुला इतरांपेक्षा जास्त थांबावं लागेल, लाइन नसते म्हणणाऱ्यांना हे सांगायला हवं.

उतरून बसायच्यात पायरेट्स ऑफ द कॅरिबियन, हाँटेड मॅन्शन, स्पेस माउंटन, फ्रोझन, स्टार वॉर्सच्या राइड्स. हाँटेड मॅन्शनचा चालता पट्टा सांगितलं की हळू करतात किंवा थांबवतात. पीटर पॅनचा पट्टा थांबवत नाहीत, ती आणि पीपलमूव्हर या दोन्ही राइड्स चार पावलं टाकता येणाऱ्यांसाठीच, ते सोडून दे, पीटर पॅनला एवढी मोठी लाइन का असते मला कळलेलं नाही. अवतारवाल्या फ्लाइट ऑफ पॅसेजला मोटरसायकलसारखं बसून मागून कमरेला आणि पोटऱ्यांना पकड बसते, बाहेर नमुन्याची सीट ठेवलेली आहे, आधी त्यावर बसून बघ. आणि ट्रान्स्फरच्या कुठल्याही राइडला बसण्याआधी विचार, मध्येच बंद पडली तर खाली कसं उतरवणार. विचारल्यावर ते नीट सांगतात. उत्तर ऐकून तुला नको वाटलं तर तुझं कारण तुझ्यापाशी, भावाला पटवत बसू नकोस.

ते एखादी राइड तुझ्याशिवाय करणार असतील तर रायडर स्विच मागा, म्हणजे एक जण तुझ्यासोबत थांबतो आणि बाकीचे आल्यावर त्याला पुन्हा पूर्ण लाइन न लावता जाता येतं. त्यामुळे "आम्ही सगळे गेलो नाही तर कोणाला जाता येणार नाही" ही सबब उरत नाही.

एक दिवस एपकॉटला मात्र एकटी फिर. भावंडांना रोलरकोस्टरला पाठव आणि तू तळ्याभोवती निघ, मेक्सिकोपासून कॅनडापर्यंत अकरा देश, दुकानं, खाणं, संगीत, जवळजवळ सगळं खुर्चीतून बघता येतं. काही पुलांना चढ आहे, ब्रिटनच्या अलीकडचा विशेषतः, हात दमले तर तळ्यातून फ्रेंडशिप बोटी पलीकडे नेतात, खुर्ची थेट आत. रात्री तळ्यावर फटाके असतात त्याला खुर्चीवाल्यांच्या राखीव जागा आहेत पण पहिला येईल त्याला, आणि सोबत मोजकीच माणसं आत घेतात, तेव्हा संध्याकाळी तिथल्या कर्मचाऱ्याला जागा विचारून ठेव आणि भावंडांना वेळेवर यायला सांग. उशीर केला तर ते बाहेर उभे राहतील.